एकसष्ट शॉट, एकही चेहरा नाही

मंगळवार, ८ जुलै. दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटे.

प्रयोगशाळेत आधी वेळ लिहायची आणि मग निरीक्षण, ही सवय मला इतकी जडली आहे की तुझ्या जाण्याची नोंदही मी तशीच केली. खालापूर तालुक्यातल्या आमच्या औषध कंपनीत तपासणीच्या खोलीत मोबाइल नेऊ देत नाहीत. तो बाहेर लॉकरमध्ये राहतो. मी एका नमुन्याचे वाचन पूर्ण केले, सही केली, हातमोजे काढले, लॉकर उघडला आणि तुझ्या भावाचा दोन ओळींचा निरोप वाचला. आठ दिवसांचा ताप, आणि तू गेलीस. निरोप दीड तासापूर्वीचा होता. त्या दीड तासात मी तीन नमुने तपासले होते आणि तिन्ही मर्यादेत होते. कंपनीची बस पाच वाजल्याखेरीज फाटकाबाहेर पडत नाही. मी लॉकर बंद केला, नवे हातमोजे घातले आणि चौथा नमुना तपासायला आत गेले. तोही मर्यादेत होता.

तुझे नाव या लेखात येणार नाही. माझेही येणार नाही. ज्या गाण्याच्या तुझ्या व्हिडिओवर मी लिहिले त्याचे नाव, तुझे गाव कर्जतच्या बाजूचे की खालापूरच्या, गाणारा कुठल्या स्टेशनचा, यातले काहीही मी लिहिणार नाही. काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. ज्याच्या स्मृतीसाठी लेख लिहायचा त्याचेच नाव त्यात नसावे, हे मलाही विचित्र वाटते. या विचित्रपणापर्यंत मी कशी येऊन पोचले, तेच तुला सांगायचे आहे. तारीख आणि वेळ मात्र खरी आहे.

आपली ओळख रविवारच्या चित्रपट-मंडळात झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना लावलेल्या चादरी, आणि चित्रपट संपल्यावर तासभर चालणारी चर्चा. चर्चेत बोलणारे आम्ही चार-पाच जणच असू: निवृत्त शिक्षक, एक वकील, मी. तू मागच्या रांगेत बसायचीस. स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणारी मुलगी, एवढीच तुझी माहिती आम्हाला होती. एकदा मी एका प्रसंगाच्या मांडणीवर दहा मिनिटे बोलले, आणि तू मागून शांतपणे म्हणालीस की त्या प्रसंगात मधली दोन मिनिटे नंतर कधीतरी घेतली आहेत, भिंतीवरची सावली उलट्या बाजूला पडते आहे. आम्ही परत लावून पाहिले. सावली उलटी होती. त्या दिवसापासून तू मला ‘म्याडम’ म्हणू लागलीस आणि मी तुझ्या शेजारी बसू लागले.

तुझ्या कामाविषयी तू फार थोडे बोलायचीस. लग्नाच्या व्हिडिओत कला काही नसते, असे एकदा मी म्हटले, तेव्हा तू म्हणालीस, “एकदा एखादी आत्या कापून बघ. दुकान बंद पडतंय.” कोण दिसलेच पाहिजे, कोण चुकूनही दिसता कामा नये, कोणती जाऊ कोणत्या जावेच्या शेजारी आली की घरात महिनाभर बोलणे बंद होते, हे सगळे तुझ्या डोक्यात असायचे. मी हसले होते. मला ते गावगप्पांसारखे वाटले. ते तुझे शास्त्र होते, हे मला आत्ता कळते आहे.

आपले सगळ्यात मोठे भांडण कोंडाणे लेण्यांपाशी झाले असेल. थंडीत आपण लेण्यांपर्यंत चढून गेलो होतो. दर्शनी भागावर, वर, नाचणाऱ्या जोडप्यांचे पट आहेत. मी तुला ते वाचून दाखवू लागले: पुरुषाचा पवित्रा कसा आहे, स्त्रीचे शरीर कुठे वळवले आहे, पाहणाऱ्याची जागा कुठे गृहीत धरली आहे. तू मान वर करून बराच वेळ पाहत राहिलीस आणि म्हणालीस, “हिचं तोंड पावसानं खाल्लंय. त्याचं पण खाल्लंय. पावसाला काय बाई-बुवा कळतंय?” मी चिडले. तुला कोणताही मुद्दा गंभीरपणे घेता येत नाही, असे मी म्हणाले. तू डबा उघडलास आणि मला तांदळाची भाकरी दिलीस. भाकरी खाताना मी तुला पाहणाऱ्याच्या नजरेचा सिद्धांत पुन्हा पहिल्यापासून समजावला. तू सगळा ऐकलास. ऐकणे हे तुझे मोठे हत्यार होते. समोरच्याला वाटायचे की आपण जिंकतो आहोत.

मग तुझा व्हिडिओ आला. कोणत्याही कंपनीचा आधार नाही, गाणारा तुझ्या ओळखीचा, कॅमेरा स्टुडिओतून मागून आणलेला. तीन मिनिटे बावन्न सेकंद. तो गातो, बांधावरून चालतो, चहाच्या टपरीवर बसतो, दूर पाहतो. बायका भाताची लावणी करतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी तुला कधी सांगितले नाही. दुसऱ्यांदा पाहताना मी वही घेतली.

एकशे अठरा शॉट. अठ्ठेचाळीस पुरुषाचे, नऊ निव्वळ निसर्गाचे, एकसष्ट स्त्रियांचे. पुरुषाच्या अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस शॉटमध्ये चेहरा दिसतो. स्त्रियांच्या एकसष्टपैकी सत्तावीस हातांचे, बारा पायांचे, बावीस पाठीचे. चेहरा शून्य. कॅमेरा स्त्रियांकडे जवळजवळ नेहमी वरून पाहतो. गायकाकडे समोरून किंवा किंचित खालून. वरचा कोन म्हणजे सत्तेचा कोन, हे या विषयाच्या पहिल्या धड्यात शिकवतात. मी नऊ दिवस मोजत होते. शोधनिबंध लिहिला. पुरुषाला चेहरा आणि स्त्रीला अवयव, असे त्याचे सूत्र होते, आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते, जे मला लिहिताना फार आवडले होते: दिग्दर्शिका स्वतः स्त्री असूनही तिच्या कॅमेऱ्याने स्त्रीदेहाचे तुकडेच केले आहेत.

तो निबंध मी मंडळात वाचला. तू मागच्या रांगेत होतीस. वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी तुला उत्तर द्यायला सांगितले. सगळ्यांनी माना वळवल्या. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “म्याडमनी मोजलंय ते बरोबर हाय.” आणि खाली बसलीस. टाळ्या वाजल्या. त्या तुझ्या प्रांजळपणासाठी होत्या, असे सगळ्यांना वाटले. मलाही.

जिना उतरताना मी तुला विचारले की तू वाद का घातला नाहीस. तू उलट विचारलेस, मोजायला किती दिवस लागले. मी म्हटले, नऊ. “मला कापायला सहा लागले,” तू म्हणालीस. “तीन दिवस जास्त बघितलंस तू. एवढं कोणी नाय बघितलं.” तुझ्या आवाजात राग नव्हता, म्हणून मी पुढे काही विचारले नाही. राग असता तर मी विचारले असते. मला रागाशी बोलता येते.

त्या निबंधावर माझी निवड झाली. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत दृश्य माध्यमांवर संशोधन, शिष्यवृत्तीसह. विज्ञानाच्या पदवीवर तिथे क्वचित घेतात. मोजणीची पद्धत निवड समितीला विशेष आवडली, असे तिथल्या मार्गदर्शक बाईंनी कळवले, आणि निबंध त्यांच्या ग्रंथात घेणार असल्याचेही. बाबांनी पेढे वाटले. वाचनालयाच्या फळ्यावर माझे नाव लागले. मी कंपनीत राजीनाम्याची सूचना दिली. पांढऱ्या खोलीतून, पाचच्या बसमधून, रोज त्याच त्या मर्यादांमध्ये बसणाऱ्या आकड्यांतून बाहेर पडण्याची एकच वाट मला दिसत होती, आणि ती तुझ्या व्हिडिओवरून जात होती. तू अभिनंदन केलेस. पेढा खाल्लास. दरम्यान कोणीतरी माझे ते आवडते वाक्य उचलून व्हिडिओखाली टाकले होते आणि लोक त्याखाली भांडत होते. तू एकाही प्रतिक्रियेला उत्तर दिले नाहीस. तुझ्या गप्प राहण्याला लोकांनी कबुली मानले. मीही मानले.

तुझ्या दहाव्याला मी आले. लावणीचे दिवस होते. बाया कामातून येत होत्या, हातपाय धुऊन, पण नखांत चिखल होता. मला आतल्या खोलीत भिंतीशी बसवले. खोली भरलेली, दाराशी चपला, बाहेर पडायचे तर दहा जणींना उठवावे लागले असते. तुझी आई माझा हात धरून बसली होती आणि मला सोडत नव्हती. ती म्हणत होती की तू माझ्याविषयी सारखे बोलायचीस. काय बोलायचीस ते तिने सांगितले नाही.

मग एका काकींनी माझ्यासमोर चहाचा कप धरला. उजव्या हाताची करंगळी आत वळलेली, मनगटावर भाजल्याचा जुना, लांबट डाग. मी तो हात ओळखला. शॉट सदतीस. तो हात मी थांबवून, मोठा करून, किमान चाळीस वेळा पाहिला होता. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे लिहिले होते: हात, निनावी.

मी कप घेतला नाही. त्यांनी तो माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि माझ्याजवळ बसल्या. तुझी आई कोणाशी तरी बोलू लागली होती. काकी हळू आवाजात म्हणाल्या, “तुमीच ना त्या, लिवणाऱ्या?”

मी मान हलवली.

“तिनं वाचून दाखवलं आमाला. बांधावर बसून. त्ये तुकड्यांचं. आमी लय हसलो. ती नाय हसली.”

मी विचारले, का हसलात. त्यांनी दाराकडे एकदा पाहिले. मग जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ते तुकड्यातुकड्यांत सांगितले गेले, मध्ये कोणी आले की थांबत. त्या बायांनी तुला शूटिंग करू दिले ते एका अटीवर. तोंड दिसता कामा नये. घरी सांगितलेले नव्हते. गाण्याच्या व्हिडिओत बाई गेली म्हटल्यावर घरचे पुरुष आणि सासवा काय म्हणतील ते त्यांना माहीत होते. एकीच्या मुलीचे लग्न ठरत होते. दुसरी अट अधिक कडक होती. तोंड का दाखवले नाही, हेही कोणाला सांगायचे नाही. कारण बायांनी लपवायला सांगितले एवढे जरी कळले, तरी घरोघरी विचारणे सुरू होईल की त्या बाया कोण. तुला शपथ घातली होती.

“माज्या घरी पन बघितलाय मोबाइलवर,” काकी म्हणाल्या. “मालक बोलले, कुनाच्या बाया हायत गं या? मी बोलली, असतील कुनाच्या तरी.” त्या किंचित हसल्या. वीस वर्षे ज्या हातचे जेवले ते हात घरच्या माणसाने ओळखले नाहीत. मी ओळखले, आणि निनावी म्हणून नोंदवले.

वरच्या कोनाविषयीही त्यांनीच सांगितले, मी न विचारता. वाकून लावणी करणाऱ्या बाईचे तोंड खालून दिसते, समोरून दिसते, बाजूनेही दिसते. फक्त बांधावर उभे राहून, वरून पाहिले तर डोक्यावरचा पदर आणि पाठ दिसते. हे शोधून काढायला तू दोन दिवस कॅमेरा न काढता नुसती बांधावरून फिरत होतीस, वाकत होतीस, उठत होतीस, आणि बाया तुला चिडवत होत्या की हिचे काही हरवले आहे का. माझ्या निबंधात या कोनावर दीड पान आहे. त्यात मी त्याला जमीनदाराची नजर म्हटले आहे.

मी शास्त्र शिकलेली आहे, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते मला पाहावेच लागते. आकडे चुकले नव्हते. तुझ्या व्हिडिओत पुरुषाला चेहरा होता आणि बायकांना नव्हता, हे आजही खरे आहे, आणि त्याचे कारण त्या बाया आहेत आणि तो पुरुष आहे, हेही खरे आहे. गाणाऱ्याची आई त्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवत होती. काकी स्वतःच्या हातांना परके म्हणत होत्या. विषमता होती तिथेच होती. मी तिच्या जागी तुला उभे केले. कॅमेरा कोणाच्या हातात आहे ते पाहिले आणि समोर उभे राहायची परवानगी कोणाच्या हातात आहे, हा रकाना तक्त्यात आखलाच नाही.

आणि इथे मला ते लिहावे लागेल, जे मी निबंधात लिहिले नाही. संशोधनात आपले हितसंबंध आधी जाहीर करायचे असतात. मी केले नाहीत.

शूटिंगच्या आधी तू मला स्टुडिओत बोलावले होतेस. पडद्यावर कोणाची तरी हळद चालू होती आणि तू तो पिवळा रंग थोडा कमी करत होतीस. काम न थांबवता म्हणालीस, “एक शॉट दे मला. सरळ कॅमेऱ्यात बघायचं. हसायचं नाय, काय नाय. चार सेकंद.” मी विचारले, मीच का. तू म्हणालीस, तुला कोण विचारणार आहे, तुझी नोकरी हाय, तुझ्या घरात शिकलेली माणसं हायत. मी नाही म्हटले. उद्या एखाद्या निवड समितीने माझे नाव शोधले तर आधी माझे काम दिसायला हवे, गाण्यातला चेहरा नव्हे, असे कारण दिले. ते कारण मला त्या वेळी फार सुसंस्कृत वाटले. तू फक्त “बरं” म्हणालीस आणि हळदीकडे वळलीस. काही महिन्यांनी मी तक्त्यात लिहिले: थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी स्त्री, शून्य. ते शून्य मी केले होते. त्या बायांना निदान घरी जायचे होते. मला कोणीही अडवलेले नव्हते.

तू हेही मंडळात सांगू शकली असतीस. त्यासाठी तुला कोणाची शपथ नव्हती. वकीलसाहेब विचारत होते, सगळे तुझ्याकडे पाहत होते, आणि मी पुढे कागद हातात घेऊन उभी होते. एक वाक्य पुरले असते. ते तू का गिळलेस, याचा मी या महिन्यात सगळ्यात जास्त विचार केला आहे. उत्तर मिळालेले नाही. माझी निवड होऊ दे, असे तुला वाटले असेल का? की त्या एका वाक्यामागून दुसरे ओढले जाईल, अशी भीती? की मला इतके महत्त्व द्यावे असे तुला वाटलेच नाही? तुझी माफी मागायची तर यातले कोणते उत्तर धरून मागायची, हेही मला ठरवता येत नाही.

मी मार्गदर्शक बाईंना लिहिले की निष्कर्ष चुकीचा आहे, निबंध दुरुस्त करायचा आहे. त्यांनी विचारले, आकडे चुकले आहेत का. मी लिहिले, नाही. त्यांनी विचारले, मग नवा पुरावा कोणता. मी लिहिले, सांगता येत नाही. त्यांचे उत्तर सभ्य होते आणि रास्तही. आकडे बरोबर असताना विनाकारण निष्कर्ष मागे घेणे ही दुरुस्ती नव्हे, ती भीती आहे. मैत्रिणीच्या निधनाने मी हललेली आहे हे त्या समजू शकतात. जुलैअखेर विचार करून कळवावे. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिले असते.

वाटा मोजल्या. निबंध तसाच ठेवला तर ते वाक्य ग्रंथात छापले जाणार आणि तुझे नाव त्याच्याशी कायमचे बांधले जाणार. तू उत्तर द्यायला नाहीस. खरे कारण लिहिले तर तुझे नाव सुटते, पण व्हिडिओतले भाताचे खाचर, बांध, मागचा डोंगर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चार घरांत विचारणे सुरू होणार. कारण न देता मागे घेतला तर संस्था, शिष्यवृत्ती, सगळे जाते, आणि लोक म्हणतात की हिच्या कामात काहीतरी खोट होती. तिसरी वाट तर तुझीच होती, बोलायचे नाही आणि लोकांना हवा तो अर्थ काढू द्यायचा.

तरी मी काकींना विचारायला गेले. त्या शेतात होत्या. मी बांधावर उभी, त्या वाकलेल्या, जुडी सोडून रोपे रोवत मागे मागे सरकणाऱ्या. त्या उठल्या नाहीत. रांग चालू असताना एक बाई उठली की सगळ्यांची लय मोडते. मी त्यांच्या पाठीशी बोलले. नावे न घेता, गाव न सांगता कारण लिहिले तर चालेल का, असे विचारले. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी नेमकी तुझ्या कॅमेऱ्याच्या जागेवर उभी आहे. तिथून खरेच कोणाचे तोंड दिसत नव्हते.

“त्या कागदात नको,” काकी म्हणाल्या. “त्यात गाण्याचं नाव हाय. तुमचा कागद हाय म्याडम, तुमी ठेवा नायतर फाडा. आमाला घरात ऱ्हायचंय.” दोन-तीन मुठी लावून झाल्यावर पुन्हा म्हणाल्या, “तिच्यावर लिवायचं तर लिवा. पन माणूस सापडंल असं नको.”

मी बरे म्हटले. तुझ्यासारखेच, एका शब्दात. निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली, पहिल्यांदाच म्याडम न म्हणता. “बाय,” त्या म्हणाल्या, “तो शेवटचा हाय ना, शेवटची बाई. ती तीच हाय. त्या दिशी आमच्यातली एक आली नव्हती. कॅमेरा गाणाऱ्याच्या हातात दिला नि उतरली चिखलात. तिच्या तोंडाला कोन ना म्हनत होतं? पन तिनं तिचं पन कापलं. एक तोंड दिसलं की बाकीच्या कोन, इचारतातच लोक.”

एकोणतीस जुलैला मी निबंध मागे घेत असल्याचे कळवले. अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात लिहिले: वैयक्तिक. संस्थेचे उत्तर दोन दिवसांत आले. जागा पुढच्या उमेदवाराला दिली होती. कंपनीत राजीनामा परत घ्यायला गेले, तर साहेब म्हणाले, बरे झाले, नवीन माणूस शोधायचा त्रास वाचला. बाबांनी एकदाच विचारले, कारण काय. मी म्हटले, सांगता येत नाही. ते चाळीस वर्षे शिक्षक होते. एवढ्यावर सोडून देणे त्यांना किती जड गेले असेल ते मला कळते. त्यांनी वर्तमानपत्र उचलले आणि अर्धा तास एकाच पानावर बसून राहिले. फळ्यावरचे माझे नाव अजून पुसलेले नाही. मंडळात आता मी मागच्या रांगेत बसते. माझ्याविषयी काय बोलले जाते ते मला ऐकू येते. उत्तर देण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे, आणि ते सगळे दुसऱ्यांचे आहे.

तू असे पाच महिने काढलेस, आणि त्यात माझा पेढा खाल्लास. कृतज्ञता हा शब्द मला फारसा वापरता येत नाही. एवढेच लिहिते की तुझ्यामुळे मला पहिल्यांदा कळले की एखादी गोष्ट न दाखवायलाही दोन दिवस बांधावरून फिरावे लागते.

काल, रविवारी दुपारी, मंडळात न जाता मी तुझा व्हिडिओ पुन्हा उघडला. या वेळी कोणासाठी नाही. एकसष्ट शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिले आणि फक्त एक गोष्ट मोजली: बाईची मान (हातापायांच्या शॉटमध्ये फ्रेमच्या कडेला दिसणारा तिचा पदर) वर यायला सुरुवात होते तिथपासून तू कट करतेस तिथपर्यंतचे अंतर. सेकंदाला पंचवीस फ्रेम. हे आधीच्या नऊ दिवसांत मी मोजले नव्हते, कारण त्या वेळी मी चेहरा नाही हे पाहत होते. तो केव्हा येणार होता, ते पाहत नव्हते. साठ शॉटमध्ये हे अंतर शून्य ते तीन फ्रेमचे आहे. मान हलते आणि तू लगेच दुसरीकडे पाहतेस. एकदाही चुकली नाहीस.

मग शेवटचा. कोपरापर्यंत चिखल, हातात उरलेली चार रोपे. ती एकेक लावतेस. मान हलते. दुसऱ्या फ्रेमला पदर सरकतो, चौथ्याला कान दिसतो, सातव्याला गालाची कड, नवव्याला कपाळावर चिकटलेली एक बट. नाकाचा शेंडा उजेडात येतो न येतो तोच गाणारा बांधावर दिसू लागतो. मी मागे गेले, पुन्हा मोजले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच आले. वही उघडली, वेळ लिहिली, आणि पुढे नोंद केली:

शॉट ६१. मान हलल्यापासून कटपर्यंत: ११ फ्रेम.